डॉक्टर नसलेली दिंडी

आषाढी सगळ्यांची. आमच्या आगरी गावांची पायी वारी मात्र कार्तिकातली, आळंदीची. भात झोडून, पेंढा रचून माणसं मोकळी व्हायची आणि मग दिंड्या निघायच्या, अशी ती पद्धत. घणसोलीत आता झोडायला भात उरलं नाही. १९७० नंतर नवी मुंबई वसवायला सिडको आली, खाचरांवर सेक्टर उभे राहिले. दिंडी मात्र निघते.

डॉक्टर आणि मी पहिल्यांदा निघालो ते शाळा बुडवून. त्याचे आजोबा वीणेकरी. आम्हा दोघांत टाळाची एकच जोडी होती. एक कोस त्यानं वाजवायचे, एक कोस मी. तेव्हा त्याला कुणी डॉक्टर म्हणत नव्हतं. ते नाव पडलं तो फौजेतून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा. बारावी सायन्स करून भरती झालेला, लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरमध्ये शिकून नर्सिंग असिस्टंट झालेला. पण गावाला एवढं लांबलचक कोण म्हणणार? ज्याला सुई टोचता येते तो डॉक्टर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आधीचा महिनाभर गल्लीतल्या घराघरांत फिरत होता.

त्याच्याशिवाय चालणं मला अजून जमत नाही. निघताना गावदेवीसमोर नारळ फुटला, गजर झाला, आणि मी सवयीनं डावीकडे पाहिलं. तिथं एक पोरगा मोबाईल वर धरून स्वतःला दाखवत होता. राग आला. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो तरी राग गेला नाही. पुढे दिंडीच्या टेम्पोवरचा भोंगा. त्याच्यामुळे मृदंग ऐकूच येत नाही. पुढाऱ्यांचे फोटो लावलेला फलक माऊलींच्या फोटोहून मोठा. बोलून दाखवलं तर म्हणाले, वर्गणी कोण देणार? कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ, बेलापूर मी त्याच रागात चाललो. खारघरच्या पुढे ऊन चढलं तसे भोंगेवालेही थकले, भोंगा बंद झाला आणि नुसते टाळ ऐकू यायला लागले. तेव्हा बरं वाटलं.

मग फोड आला.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळून जायचं म्हणजे एका अंगाला ट्रेलरची रांग, दुसऱ्या अंगाला गटार, मधल्या पट्ट्यातून दिंडी. डांबर तापलेलं. उजव्या टाचेखाली आधी नुसतं गरम लागायला लागलं. डॉक्टर सांगायचा, गरम लागलं की तिथंच थांब, फोड यायच्या आधी अर्धा तास पाय सांगत असतो. पण ट्रेलरच्या चाकांशेजारी थांबणार कुठे? पनवेल मागे पडेपर्यंत पाऊल तिरकं पडायला लागलं, त्यामुळे गुडघा धरला. दिंडी पुढे गेली. विणेकऱ्यांचा पांढरा फेटा दिसत होता तोही दिसेना. पळस्पे फाट्याच्या अलीकडे एका बंद टपरीच्या फळीवर बसलो आणि चप्पल काढली. रुपयाएवढा फोड, पाण्यानं टम्म.

तिथं बसून मला विठ्ठल आठवला नाही, माऊली आठवली नाही. आठवलं ते कारगिलच्या लढाईतलं द्रास.

डॉक्टर लढाईबद्दल बोलत नसे. २६ जुलैला शाळेत झेंड्यासाठी बोलावत, तो सफारी घालून जाई आणि पोरांना भाषणात जखम कशी धुवायची ते सांगून परत येई. माझ्याशी बोलला तो एकदाच, खंडाळ्याच्या मुक्कामात, थंडी पडली होती म्हणून. म्हणाला, ही काय थंडी! १९९९ च्या जूनमध्ये द्रासच्या वर तो एका पायदळ पलटणीबरोबर होता. रेजिमेंटल एड पोस्ट म्हणजे काय, तर एका मोठ्या दगडाचा आडोसा, एक डॉक्टर साहेब आणि हे दोन-चार जण. समोरच्या डोंगरावरून शत्रूला रस्ता दिसायचा, म्हणून जखमी खाली आणायचे ते रात्री. अंधारात, दगडांतून, बत्ती न लावता. एका माणसाला उतरवायला सहा-सहा जण लागत, आणि ते सहाही आधीच दमलेले. जखमा जास्त करून तोफगोळ्यांच्या किरचांच्या. सलाईनची बाटली थंडीनं गोठायची, म्हणून ती सदऱ्याच्या आत पोटाशी धरून वर न्यायची. जखम बघायला कपडा कापायचा तोही जखमेपुरताच. जास्त उघडलं तर माणूस थंडीनंच जाईल. १३ जूनला तोलोलिंगचं शिखर घेतलं, सगळीकडे जल्लोष झाला म्हणतात. त्याच्याकडे त्या रात्री जल्लोषाला हात मोकळे नव्हते.

कारगिलमध्ये ५२७ जवान गेले, तो आकडा आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकायलाच हवा. पण जखमी झाले १३०० च्या वर, आणि त्यांतले बहुतेक घरी परतले. ते आपोआप नाही परतले. कुणीतरी त्यांच्या मांडीला करकचून पट्टा बांधला, कुणीतरी रात्रभर नाव घेऊन त्यांना जागं ठेवलं, हेलिकॉप्टर उतरेल तिथवर खांद्यावर आणलं. त्या कुणीतरींमध्ये आमच्या आळीतला एक होता. गावातल्या कुठल्याही फलकावर हे लिहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

"काय रे बाला, बसलास?"

उरणकडच्या एका दिंडीतली म्हातारी. डोक्यावर तुळस, पाठीला बोचकं. बरोबरच्या बायका पुढे गेल्या तरी ती थांबली. तुळस फळीवर नीट ठेवली, खाली रस्त्यावरच बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी मागे ओढला. माझ्या आईच्या वयाची बाई, तिनं माझा पाय मांडीवर घ्यावा? "माऊली, राहू दे," म्हटलं. ती म्हणाली, "मी पण तुला माऊलीच म्हणते, मग लाज कसली?"

बोचक्यातून सुई-दोरा निघाला. वारीतला जुना उपाय, फोडातून दोरा ओवायचा आणि आतच ठेवायचा. मी म्हटलं, "आजी, दोरा नको. सुई तापवून कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या."

"कोणी सांगितलं?"

"मित्रानं. मिलिटरीत होता, जखमा बांधायचा."

तिनं वाद घातला नाही. माचिस काढली, सुईचं टोक लाल होईस्तोवर धरलं, गार होऊ दिलं. कडेला दोन ठिकाणी टोचलं. बाटलीतलं प्यायचं पाणी टाचेवर ओतलं, अर्धी बाटली. मी नको म्हणत असताना. पदरानं पुसायला निघाली तेव्हा मी माझ्या पिशवीतली स्वच्छ चिंधी दिली. तिनं ती चौघडी केली आणि अशी बांधली की गाठ घोट्याच्या वर यावी, चपलेत येऊ नये. त्या गाठीवरून नजर हलेना. डॉक्टर तिथंच गाठ मारायचा.

"तो तुजा मित्र नाय आला वारीला?"

"गेला, आजी. करोनात."

तिनं मान हलवली. माझाही नातू गेला, वगैरे काही म्हणाली नाही; तिचं कोण गेलं, गेलं की नाही, मला कळलं नाही. बोचक्यात पुन्हा हात घालून राखाडी रंगाचे लोकरी मोजे काढले. घाटात थंडी वाजते म्हणून मुलानं दिलेले, एकदाही न घातलेले. "घाल. आळंदीला भेटलास तर दे, नाय भेटलास तर ठेव." मी पैसे काढले तशी ती चिडली, खरोखर चिडली, आणि तुळस डोक्यावर घेऊन तरातरा निघून गेली. मी नाव विचारलं नव्हतं.

मोज्यावर चप्पल घालून चाललो. दुखत होतं, पण पाऊल सरळ पडत होतं. संध्याकाळी हरिपाठाला दिंडीला गाठलं आणि टाळ घेतला तेव्हा त्या मोबाईलवाल्या पोराच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथंच उभा राहिलो. पोरगा पाऊली सुंदर खेळतो.

चौक, खोपोली, बोरघाट, लोणावळा. एका मुक्कामात सगळे शेडमध्ये आडवे झाले तसा मी पाणी तापवलं आणि ज्यांचे पाय फुटले होते त्यांना बोलावलं. डॉक्टर दर मुक्कामाला हेच करायचा. भोंगेवाला पहिला आला. त्याच्या दोन्ही पायांना फोड होते आणि तो सकाळपासून काही बोलला नव्हता. देहू एका सकाळी झाली. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस होता; हात बुडवला, अंघोळ केली नाही, जीव तळमळला. दर्शनाच्या रांगेत आणि घाटावर तिन्ही त्रिकाळ त्या म्हातारीला शोधलं. तुळस घेतलेल्या हजारो होत्या.

घरी आल्यावर प्रसाद घेऊन डॉक्टरच्या आईकडे गेलो. काकूंनी आधी पाय बघितला. मग कपाटातून पिशवी काढली, त्यात निळी आंतर्देशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. त्यातलं एक त्यांनी वेगळं काढून दिलं. १९९९ च्या दिवाळीतलं. लढाई संपली होती, सुट्टी मिळाली नव्हती आणि दिंडी निघायची होती. चौकशा संपल्यावर खाली दिंडीसाठी लिहिलेलं: साखर-मिठाचं पाणी हंडाभर ठेवा. सुई तापवल्याशिवाय कुणाला टोचू नका. म्हाताऱ्यांना घाटात मधे चालवा, कडेला नको. आजोबांच्या वीणेला दव लागू देऊ नका, माझी घोंगडी आहे ती गुंडाळा.

"तेव्हा आजोबांनी देवळात वाचून दाखवलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यानंतर कोणी वाचलं नाही."

पत्राची झेरॉक्स काढून आणली आहे. पुढच्या वर्गणीच्या बैठकीला, फलकाचा विषय निघायच्या आधी, मी ते वाचणार आहे.