तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ठरवून गेल्यावर मजा काय उरते?

दोघांसाठी दोन रात्रींची शहरातली सहल आखून द्या म्हणणारे बहुतेक जण आखणी हातात पडली की हेच विचारतात, तेही जरा नाराजीने. "एवढं मिनिटामिनिटाचं ठरवायचं, तर दोघांनी उगाच भटकायचं कधी?" मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते कुणालाच पटत नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मुळात मिनिटामिनिटाचं त्यात काही नसतं. घराचं दार ओढल्यापासून खोलीचं दार उघडेपर्यंतचा प्रवास, खोली, दर दिवशी वेळेचं बंधन असलेली एकच गोष्ट, दुपारची जेवणं, एका रात्रीचं जेवण आणि परतीच्या दिवशी सामान कुठे टाकायचं, एवढंच मी ठरवायला लावते. बाकी सगळं मोकळं. रात्रीचं फिरणं तर मी कधीच कागदावर घेत नाही.

आता वेळ मोजा. शुक्रवारी दुपारी चारला घर सोडलं आणि रविवारी रात्री दहाला परत आलात, तर हातात ५४ तास. त्यातले १६ झोपेचे. विमान दीड तासाचंच आहे म्हणता, पण विमानतळ गाठायला एक तास, दोन तास आधी हजर, दीड तास उड्डाण, उतरून बाहेर पडायला पाऊण तास आणि गावात शिरायला आणखी पाऊण, म्हणजे एका बाजूचे सहा झाले. जाऊन-येऊन बारा. उरले २६, त्यातच अंघोळी, बॅगा आणि रांगा. म्हणून दोन रात्रींसाठी मी दारापासून दारापर्यंत चार तासांच्या आतलंच शहर सुचवते. रेल्वेने जाता येत असेल तर रेल्वेच, कारण स्टेशनं बहुतेक गावाच्या पोटात असतात. तिकिटावर शहराचं नाव आहे म्हणून विमानतळही त्याच शहरात आहे असं धरून चालू नका. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून साधारण १२० किलोमीटरवर. तिकीट एवढं स्वस्त का, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

साप्ताहिक सुट्टी आधी बघायची हेही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, त्याच गावातलं ओर्से संग्रहालय सोमवारी. फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालयही सोमवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची, आणि भराभर संपतात. स्पेनमधल्या आल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्यांच्या किल्ल्याच्या तिकिटावर आतल्या नास्रिद महालांची वेळ छापलेली असते. ती हुकली की बाकीचा परिसर हिंडता येतो, महालात पाऊल टाकता येत नाही. हे आधी बघून ठेवण्याला कुणी रुक्षपणा म्हणणार असेल तर म्हणो.

युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. मार्चमध्ये नेमकी रविवारची पहाट एक तासाने कापली जाते, आणि खोली सोडायची वेळ मात्र अकराचीच राहते. रविवारी गावात मॅरेथॉन असेल तर मधले रस्ते बंद असतात आणि विमानतळाची टॅक्सी दारापर्यंत येत नाही. सूर्यास्त बघत जेवायचं असेल तर त्याचीही वेळ आधी बघा. पॅरिसमध्ये जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात पाचच्या आत, त्यामुळे आठचं टेबल या दोन्ही महिन्यांत त्या कामाचं नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, आणि त्यासाठी एका जोडप्याची रोममधली दुपार सांगावी लागेल. ती मला दोघांनीही सांगितली, पण वेगवेगळी, एकमेकांच्या माघारी. दुपारी सव्वातीनपर्यंतची हकीकत दोघांची तंतोतंत जुळते.

जुलैतला शनिवार. न्याहारी साडेआठला. तेर्मिनी स्टेशनजवळच्या हॉटेलातून मेट्रोची ए लाइन धरून ओत्ताव्यानो स्टेशनला उतरले, तिथून चालत व्हॅटिकनच्या संग्रहालयाच्या दारावर. अकराचं तिकीट आधीच काढलेलं होतं, रविवार टाळला होता. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. आत गर्दीच्या लोंढ्याबरोबर एका दिशेने पुढे सरकत राहायचं, पायाखाली दगडी फरशी, बसायला जागा थोड्या. सिस्टिन चॅपल या वाटेच्या शेवटाकडे येतं. ते बघून बाहेर पडेपर्यंत सव्वादोन वाजले.

तो म्हणाला, सेंट पीटर्स चर्च बाजूलाच आहे, तेही उरकून घेऊ. नकाशात ते बाजूलाच दिसतं. पण संग्रहालयाचं दार व्हॅटिकनच्या भिंतीच्या एका अंगाला आणि चर्चचं दुसऱ्या अंगाला. बाहेरून भिंतीला वळसा घालून चौकात यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चौकात तपासणीची रांग, डोक्यावर ऊन. ती म्हणाली, आधी खाऊन घेऊ. तो म्हणाला, मग रांग आणखी वाढेल. वीस मिनिटं उभे राहिले, रांग फारशी हलली नाही, शेवटी सोडून दिली. चर्चही राहिलं आणि जेवणही.

आता तीन वाजत आलेले. त्याच्या फोनची बॅटरी १४ टक्क्यांवर, तिचा फोन खोलीत चार्जिंगला. पहिल्या ठिकाणी मुदपाकखाना नुकताच बंद झालेला. दुसरं दिवसभर उघडं असणारं, पण त्याचे रिव्ह्यू बरे नव्हते म्हणून त्याने नको म्हटलं. तिसऱ्याचे रिव्ह्यू उत्तम, तिथे जायला दहा-बारा मिनिटं चालले, तर दारावर पाटी: संध्याकाळी साडेसातला उघडेल.

"तुला काय खायचंय?"

"काहीही चालेल."

"काहीही म्हणजे काय?"

"तूच ठरव ना, सगळं तूच ठरवतोयस."

यानंतर दोघांच्या हकीकती जुळत नाहीत. तो म्हणतो, ती पायरीवर बसली आणि बोलायचीच बंद झाली. ती म्हणते, तो वीस पावलं पुढे चालत राहिला आणि एकदाही मागे वळला नाही. रात्री साडेआठचं टेबल मात्र दोघांनाही आठवतं. नदीकाठचं, सहा आठवडे आधी राखलेलं. तिथे दोघं आपापला फोन बघत जेवले.

या प्रसंगावर मला अनेकांनी अनेक सिद्धान्त ऐकवले आहेत. त्यांचे स्वभावच जुळत नाहीत, त्याला ऐकून घेता येत नाही, ती मनातलं बोलत नाही. असेलही. पण मला त्या दुपारी दिसतं ते एवढंच: सकाळी साडेआठनंतर पोटात काही नाही, पाण्याची बाटली रिकामी, चार तास उभ्याने, आणि अशा वेळी दोघांना मिळून एक निर्णय घ्यायचा आहे. या अवस्थेत कुठलाही निर्णय भांडणाकडेच जातो. माझी आखणी त्या एका निर्णयासाठी असते. तो चार दिवस आधी, घरी, पोट भरलेलं असताना घेऊन ठेवायचा.

त्याच शनिवारचं असं करता आलं असतं. चर्च सकाळी सातला उघडतं, तेव्हा रांग छोटी असते आणि ऊनही नसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढं लक्षात ठेवायचं. आठ-साडेआठला बाहेर, मग न्याहारी. साडेनऊचं संग्रहालय. साडेबाराच्या आसपास बाहेर, आणि बाहेर पडण्याच्या दारापासून दहा मिनिटांच्या आत असलेल्या, आधीच बघून ठेवलेल्या दोन जागांपैकी एकीत एक वाजायच्या आत जाऊन बसायचं. दोनच जागा, तीन नकोत. एक बंद निघाली तर दुसरी, आणि दुसरी जशी असेल तशी. संग्रहालयानंतरचं टेबल ठरावीक वेळेला राखू नका, बाहेर पडायला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. जेवून मेट्रोने खोलीवर, आणि दोन ते साडेचार काहीही करायचं नाही. ते अडीच तास मी कागदावर चौकट काढून लिहिते. सगळ्यांत आधी खोडले जातात तेही तेच. "एवढ्या लांब जाऊन झोपायचं का?" हो, झोपायचं. झोपायचं नसेल तर निदान दार लावून घ्यायचं. दोघंच गेला आहात ना?

सोबत छोटी पॉवर बँक ठेवा. विमानात ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतची सहसा चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते. शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, दोघांच्याही.

खोलीबद्दल लोक फोटो बघून ठरवतात, आणि नेमकं हवं ते फोटोत दिसत नाही. बुकिंग झाल्यावर हॉटेलला एक निरोप पाठवा आणि साधे प्रश्न विचारा. पलंग एकच अखंड आहे, की दोन गाद्या जोडलेल्या? युरोपात 'डबल' म्हणून घेतलेल्या खोलीतही बरेचदा दोन गाद्या शेजारी शेजारी असतात आणि मध्ये फट; जर्मनी-ऑस्ट्रियात पांघरुणंही दोन. न्हाणीघराला भिंत आहे की काच? याचं हसू येतं लोकांना, पण नव्या जोडप्याला काचेच्या दाराने दोन दिवस जो संकोच होतो तो मी ऐकून आहे. खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात? शनिवारी रात्री खालच्या बारचा आवाज दोनपर्यंत येतो. लिफ्ट आहे का? पोचायला रात्रीचे दहा वाजणार असतील तर तेही त्याच निरोपात कळवा, नाहीतर आलाच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला जाऊ शकते. तसंच विमानाचं. जायचं तिकीट वापरलं नाही तर बहुतेक कंपन्या त्याच बुकिंगमधलं परतीचंही रद्द करतात. "जाताना आम्ही गाडीने गेलो, येताना विमानाने येऊ" हे परस्पर ठरवू नका.

राहता राहिलं सरप्राइज. पूर्वी मी त्याच्या बाजूने जोरात बोलायचे. स्टेशनवरच्या फलकावर गावाचं नाव वाचताना समोरच्याचा चेहरा जसा होतो, त्यापुढे दोन दिवसांची गैरसोय काय मोठी, असं माझं म्हणणं होतं. आता मी म्हणते, गावाचं नाव खुशाल लपवा, पण तारखा, हवा, चालायचं किती आणि एखादा ठेवणीतला कपडा लागेल का, हे आधी सांगा. लिस्बनच्या चढउतारांवर, गुळगुळीत दगडांच्या पदपथावर नव्या सँडल्स घालून आलेली बाई दुसऱ्या दिवशी कुठेच जात नाही. आणि पाळीची तारीख विचारा. दोघांनी मोकळेपणाने बोलून घेण्यासारखी गोष्ट आहे ती, आणि तारखा ठरवताना सगळ्यांत कमी बोलली जाते. अर्थात एवढं सगळं सांगितल्यावर सरप्राइज उरतं कुठे, असं माझं जुनं मत मला अजून विचारतं, आणि त्याला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

खर्चाचा आकडा मात्र निघण्याआधी ठरवाच. तिथे बिल समोर आल्यावर नको.

आता तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगते, नाहीतर हे लिहिणं अप्रामाणिक होईल. रोमच्या त्याच जोडप्याला, त्या सहलीतलं काय आवडलं असं मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनीही शुक्रवारची रात्र सांगितली. ट्रास्टेव्हेरे या रोममधल्या जुन्या भागात रस्ता चुकले आणि एका लहानशा चौकात तासभर नुसते बसून राहिले. कुठल्याच कागदावर नव्हतं ते. तुम्ही म्हणाल, झालं, हेच तर आम्ही सांगतोय. मी म्हणते, त्या रात्री विमान पाचला उतरलं होतं, सामान खोलीत होतं, दोघं पोटभर जेवले होते आणि परत कसं जायचं ते त्यांना माहीत होतं, म्हणून रस्ता चुकणं गोड लागलं. शनिवारी दुपारीही ते रस्ताच शोधत होते. यावर ते दोघं मान डोलावतात आणि पुढच्या वेळी काहीच ठरवणार नाही म्हणतात.

आखणी कुणी करायची, हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. एकानेच केली तर तो गाईड होतो आणि दुसरा पाहुणा, आणि पाहुण्याला तक्रार करायला मोकळीक मिळते. दोघांनी मिळून केली तर निम्मी भांडणं निघण्याआधीच होतात. सध्या मी वाटणी करायला सांगते: प्रवास आणि खोली एकाकडे, जेवणं आणि बघण्याच्या जागा दुसऱ्याकडे, शिवाय प्रत्येकाने आपली एकेक हट्टाची गोष्ट आधी लिहून द्यायची आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही. यात जेवणं ज्याच्याकडे येतात त्याला दुपारी तीनचा धोका एकट्याने पत्करावा लागतो, अशी तक्रार माझ्याकडे आलेली आहे आणि ती रास्त आहे. दुसऱ्या दिवशी वाटणी उलटी करा, असं मी तूर्त सांगते आहे.