तुम्ही विचारलंत म्हणून: भोला पासवान शास्त्रीच का?

दलित मुख्यमंत्र्यांचा विषय निघाला की मी भोला पासवान शास्त्रींचं नाव घेतो आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, हे कोण, आणि महाराष्ट्रात राहून तुम्हाला बिहारच्या माणसाचं एवढं काय. तर सांगतो.

पूर्णिया जिल्ह्यातलं बैरगाछी हे त्यांचं गाव, जन्म 1914 चा, काशी विद्यापीठातून शास्त्री झाले. मग काँग्रेस, आमदारकी, आणि बिहारचे पहिले दलित मुख्यमंत्री, तेही तीनदा: 1968, 1969 आणि 1971. पण तिन्ही वेळचे दिवस मिळून एक वर्षसुद्धा भरत नाही हो! 1969 ला तर दोन आठवडेही नाहीत. आमदार रोज इकडून तिकडे उड्या मारत होते, अशा वेळी स्वच्छ माणूस खुर्चीवर बसवणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, टिकेल असं बहुमत मात्र त्याच्या पाठीशी कोणी उभं केलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

लोक सांगतात ते त्यांच्या साधेपणाचं, झाडाखाली घोंगडी टाकून अधिकाऱ्यांशी बोलायचे, 1984 ला गेले तेव्हा गाठीला काही नव्हतं वगैरे. आदर मलाही आहेच, पण गोष्ट तिथेच थांबवतात याचा राग येतो. कारण 1978 मध्ये केंद्राने अनुसूचित जाती-जमातींसाठी पहिल्यांदा अनेक सदस्यांचा आयोग नेमला त्याचे अध्यक्ष हेच. आदल्याच वर्षी बिहारमध्ये बेलछीला दलितांना मारून जाळलं होतं. आणि आयोगाचा सरकारी ठराव निघाला जुलै 1978 मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आपल्या विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या तोच महिना! मग हा माणूस मला लांबचा कसा वाटेल?

आता त्या आयोगाची ताकद बघा. घटनेच्या 338 कलमात तेव्हा फक्त एक विशेष अधिकारी होता, आयोग उभा होता तो नुसत्या त्या ठरावावर. म्हणजे इथेही खुर्ची दिली, जोर दिलाच नाही. दिवाणी कोर्टासारखं समन्स काढून कोणालाही हजर करायचं, कागदपत्रं मागवायची, हे अधिकार घटनेत आले 1990 च्या 65 व्या दुरुस्तीने, आणि तसा आयोग प्रत्यक्ष बसला 1992 ला. शास्त्रींना जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती. आज एखाद्या गावातली तक्रार आयोगाकडे जाते आणि कलेक्टरला हजर राहून उत्तर द्यावं लागतं ते या दुरुस्तीमुळे.