सुटणारा सायलेन्सर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या दिवेआगरच्या आगरातल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एका दुपारीत आडव्या झाल्या. पावसाळ्यातच नवीन रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात आणि आमची जमीन वाळूची, पाणी ओतलं की खाली जातं. फेब्रुवारीपासून दोन दिवसांआड शिपणं झालं नाही तर रोप पिवळं पडायला वेळ लागत नाही. विहिरीकडची विजेची लाइन वादळात गेली होती, नंतर जोडली गेली तरी व्होल्टेज इतकं कमी की मोटर नुसती गुणगुणायची. म्हणून सासऱ्यांच्या वेळचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बाहेर काढलं. हे नोकरीनिमित्त पनवेलला असतात, घरी मी आणि सासूबाई. त्यामुळे इंजिन माझ्याकडेच आलं.

इंजिन हॅंडल मारल्यावर चालू झालं याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सायलेन्सर सैल झाला. त्याचा डबा उभा, खाली पाइपचा तुकडा, त्याला आटे, आणि ते आटे इंजिनच्या ओतीव बेंडमध्ये, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वाकड्या नळीत, फिरवून बसवलेले, वर पाइप जागेवर धरून ठेवायला चेकनट. पाइप पान्याने आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल. आठवडाभराने तो चालू इंजिनावरून निखळून खाली पडला, तो नेमका सुक्या विरींच्या, म्हणजे पोफळीच्या गळलेल्या पानांच्या देठांच्या, ढिगाशेजारी. धूर निघायला लागला. मी हौदातली घमेली भरभरून ओतली. त्या दिवसापासून इंजिन चालू असेपर्यंत मी तिथून हलत नव्हते, आणि रात्री झोपेतही मला तो ठक्क आवाज ऐकू यायचा.

मग जे सुचेल ते केलं. नळाला लावतात तसा ताग आणि सफेदा लावला, तो एका दिवसात राख झाला. टेफ्लॉन टेप गुंडाळली, तिचा घाणेरडा वास सुटला. नंतर कळलं की टेफ्लॉन २६० अंशांपर्यंतच चालतं, त्यापुढे त्याचा धूर अंगाला वाईट. आटे चिकटवायचं निळं औषध आणलं, त्या बाटलीवरच १५० अंश लिहिलेलं होतं आणि इंजिनवर भार असताना धुराड्याची उष्णता ४०० च्या घरात जाते. शेवटी तारेने सायलेन्सर विहिरीच्या खांबाला घट्ट बांधला. ही सगळ्यात मोठी चूक. इंजिन थरथरतं, खांब थरथरत नाही. दोघांच्या ओढाताणीत आटे आणखी लवकर सुटायला लागले. वेल्डिंगवाला म्हणाला, दोन टाके मारून टाकतो. पण बेंड ओतीव लोखंडाचा, टाक्याशेजारी तडकण्याची भीती, आणि मग काजळी झाडायला सायलेन्सर काढायचा कसा?

माझा आतेभाऊ सैन्यात ईएमईत, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होता, बंदुका दुरुस्त करायचा. फोनवर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, बंदुकीच्या नळीवर आट्यांनी बसवलेल्या सायलेन्सरचं दुखणं अगदी हेच. गोळी सुटली की धक्का, गरम होणं, गार होणं, आट्यांत काजळी, आणि तो हळूहळू उलटा फिरतो. तिथे नळीच्या खांद्यावर सायलेन्सर सपाट टेकलेला असावाच लागतो. मध्ये वॉशर किंवा टेप घालून चालत नाही, कारण तो जरा तिरका बसला तर गोळी आतल्या पडद्यांना घासते. त्याने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. बंदुकीचा सायलेन्सर १९०९ साली ज्याने पेटंट केला, त्या हायरम पर्सी मॅक्झिमने इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. म्हणजे दोन्ही एकाच घरातले. शिवाय १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं होतं की बोल्टला आडवे हादरे बसले आणि जोड घसरला की नट आपोआप सुटतो. बोल्टच्या लांबीच्या दिशेने हादरे बसले तर नट त्यामानाने पुष्कळ टिकतो. “तुझा सायलेन्सर उंच आणि जड आहे, तो आडवाच डुलतो. आट्यांवर भरवसा ठेवू नकोस, टेकण बघ, म्हणजे दोन तोंडं एकमेकांवर कशी बसतात ते,” तो म्हणाला.

टेकण कसं बघायचं ते बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेस्त्रींनी दाखवलं. ते आले, सायलेन्सर उतरवला, तारेच्या ब्रशने आटे चकचकीत केले. मग म्हणाले, “वैनी, कपड्यांची नीळ आहे का घरात?” नीळ खोबरेल तेलात कालवली आणि चेकनटच्या तोंडावर बोटाने पातळ लावली. सगळं पुन्हा फिरवून नट बेंडवर टेकवला, उलटा फिरवून काढला. बेंडच्या तोंडावर निळा गोल उमटायला हवा होता. उमटली होती चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर, एकाच बाजूला. बाकी तोंड कोरडं. मी इतके दिवस जिवाच्या आकांताने आवळत होते ते फक्त त्या कोरीवर. बेंड कधीतरी आपटला असणार, त्याचं तोंड तिरकं झालं होतं.

बेंड आणि नट दोन्ही बोर्लीपंचतनला लेथवर नेले. आट्यांशी काटकोनात तोंड साफ करून घेतलं. परत नीळ लावली. या वेळी पूर्ण कडं उमटलं, एका ठिकाणी केसाएवढी फट होती ती मेस्त्रींनी व्हॉल्व्हची पेस्ट लावून घासून काढली. आट्यांना त्यांनी तांब्याचं ग्रीस लावलं. मला वाटलं, ग्रीसने तर आणखी सुटेल. ते म्हणाले, “सुके आटे तुमची ताकद घासण्यातच खातात, नट दाबतच नाही. आणि पुढच्या वर्षी काढायला जाल तेव्हा निघणार पण नाही.”

मग आवळणं. गार असताना आवळला, अर्धा तास इंजिन चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि पुन्हा आवळला. दुसऱ्या खेपेला नट थोडासा आणखी फिरला. पहिल्यांदा तापल्यावर ग्रीस आणि काजळीचा उरलेला थर बसतो, तेवढी ढील येते. ही दुसरी आवळणी मी आधी कधीच केली नव्हती.

डब्याला पट्टीचा क्लॅम्प घालून त्याचा आधार इंजिनच्याच अंगाला बोल्टने जोडला, खांबाला नाही. आता दोघं बरोबर हलतात. आणि इंजिनच्या खालच्या चौकटीचे चार बोल्ट तपासले तर त्यातले दोन कुजलेल्या लाकडात नुसते फिरत होते. ती गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली, कारण मी रोज त्याच चौकटीवर पाय ठेवून हॅंडल मारत होते. काँक्रीटचा ओटा घातला तेव्हा इंजिनचा आवाजच बदलला.

शेवटी मेस्त्रींनी बेंड, नट आणि पाइप यांवरून पिवळ्या रंगाची एकच उभी रेघ ओढली. “रेघ तुटली की थांबायचं. पाना नंतर.” रंग तापून तपकिरी झाला, पण रेघ दिसते.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं आणि पुन्हा वीज गेली. त्यानंतर नऊ दिवस त्याच इंजिनावर आमचं आणि शेजारच्या तीन घरांचं पिण्याचं पाणी निघालं. दर सकाळी हॅंडल मारायच्या आधी मी कंदील घेऊन वाकून रेघ बघायचे. सरळ होती. आता दिवाळीनंतर दरवर्षी सायलेन्सर उतरवते, काजळी झाडते, नीळ लावते, कडं पूर्ण उमटलं की बसवते. निळीची पुडी इंजिनच्या खोलीतच ठेवली आहे.