पट्ट्याची कडी

अण्णांच्या रायफलीच्या पट्ट्याची कडी ढिली झालीय ही गोष्ट आमच्या घरात गेलं वर्षभर चर्चेत होती, आणि वर्षभर तिचं काही झालं नाही. अण्णा पट्ट्याला सिलिंग म्हणतात, म्हणजे स्लिंग. पलटणीत म्हणायचे तसंच. त्यामुळं त्यांनी पहिल्यांदा "सिलिंग निघायला आलंय" असं सांगितलं तेव्हा आई वर छताकडं बघायला लागली, आणि पुढं दोन दिवस तिला पंखा लावायची भीती वाटत होती.

रायफल 315 बोरची आहे, बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. अण्णा फौजेत थ्री नॉट थ्रीवर शिकले, पण तो बोर फौजेचा, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही, म्हणून इच्छापूरच्या कारखान्यानं त्याच बांध्यावर ही 315 काढली, तोच बोल्ट (गोळी आत सारायची मागची दांडी), तसाच लाकडी दस्ता, नळी तेवढी आठ मिलिमीटरची. रिटायर होऊन पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आल्यावर अण्णांनी ती सेकंडहँड घेतली, परवान्यावर कारण लिहिलेलं शेतीसंरक्षण. लोक तिला शिकारीची रायफल म्हणतात पण शिकार कायद्यानं कधीच बंद झालेली, तिनं फक्त रानडुकरं यायच्या रात्री भाताच्या बांधावर उभं राहून एखादा बार हवेत काढलाय. शेवटचा बार काढून पंधरा वर्षं तरी झाली असतील. नंतर आम्ही साताऱ्यात राहायला आलो आणि ती पण आली, कपाटात.

आता तिचं काम काय तर निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा व्हायचं, निकाल लागला की परत यायचं. 2024 मध्ये दोन झाल्या, आमच्याकडं लोकसभेचं मतदान 7 मेला आणि विधानसभेचं 20 नोव्हेंबरला, म्हणजे दोनदा जमा आणि दोनदा परत. साडेतीन-चार किलो वजन, अण्णा ऐंशीचे, मी म्हणतो मी धरतो तर ते देत नाहीत, परवाना माझ्या नावावर आहे म्हणतात (हे मात्र बरोबर आहे). मग कव्हरात घालून, पट्टा बाहेर काढून, खांद्याला लावून, रिक्षात ताठ बसून जायचं. चाप, बोल्ट, मॅगझिन सगळं रिकामं बसून खातंय आणि राबतोय एकटा पट्टा.

नोव्हेंबरात परत येताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मागची कडी स्क्रूसकट उपटून आली. रायफल माझ्या पायावर. अंगठ्याचं नख काळं झालं ते बरेच महिने तसंच होतं. अण्णांनी आधी रायफल बघितली.

मी ताबडतोब आपलं डोकं चालवलं. भोकात चार काडेपेटीच्या काड्या, वर भरपूर गोंद, स्क्रू पिळला, घट्ट बसला. मी खूश. दोन महिन्यांनी हात लावला तर परत गोल गोल फिरतोय.

शेवटी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तात्या सुतार आहेत त्यांना बोलावलं. ते आले, चप्पल काढली, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हत्याराला मी हात लावणार न्हाय हां." अण्णा म्हणाले, अहो रिकामी आहे, आणि बोल्ट काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला, आत बोट घालून दाखवलं. तरी नाहीच. मला गंमत वाटली, कारण तात्या स्वतःच्या रंध्याला, पटाशीला, करवतीला हत्यारंच म्हणतात. तसं बोललो तर म्हणाले, "माझ्या हत्यारांना परवाना लागत न्हाय. तू कर, मी सांगतो."

तर पुढचं सगळं काम असं झालं, तात्या भिंतीला टेकून चहा पीत, अण्णा मांडीवर बोल्ट घेऊन, आणि मी खाली जमिनीवर चादरीवर दस्ता उलटा धरून.

पहिल्यांदा भोक साफ केलं. टोकदार तारेनं खरवडलं तर काड्यांचा चुरा आला, आणि त्याच्या मागनं काळा भुगा, ओल्या चहापत्तीसारखा. मला वाटलं तेल असेल. तात्या म्हणाले, हा लोखंडाचा राग आहे. स्क्रू गंजला की अक्रोडाचं लाकूड त्याच्याभोवती काळं पडतं आणि कुजल्यासारखं भुसभुशीत होतं, लाकडातल्या तुरटपणाची आणि लोखंडाची ती प्रतिक्रिया असते, शाई पूर्वी याच तत्त्वावर करायचे. वर आमच्याकडचा पाऊस. पाटणच्या घरी जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला, लाकूड फुगणार, मग उन्हाळ्यात आकसणार, आणि मधला स्क्रू आहे तसाच. असं तीस-चाळीस वर्षं. त्या मऊ पडलेल्या भोकात मी काड्या भरत होतो म्हणजे चिखलात खुंटा ठोकत होतो.

"आता गोल खुंटी आणू का?" मी विचारलं. बाजारात मिळतात त्या गोल काठीतली कापायची आणि ठोकायची, व्हिडिओत बघितलेलं. तात्यांनी कप खाली ठेवला. खराटा आण म्हणाले. आणला. "याच्या टोकातनं काडी घाल." घातली, ओढली, सहज बाहेर. "आता मधनं आडवी घाल." घालायलाच जोर लागला, आणि ओढताना दोन हिर मोडले तरी निघेना. गोल काठीच्या रेषा लांबीच्या दिशेनं असतात, तिच्यात वरून स्क्रू घातला की तो रेषांच्या मधनं सरकत जातो, धरत नाही. आडव्या रेषेची गुल्ली पाहिजे. मी इंजिनिअर, आणि हे मला चाळिशीत खराट्यानं कळलं.

गुल्ली तात्यांनीच करून आणली, एका मोडक्या कुळवाच्या दिंडातनं, बाभळीची. सागाचं का नको विचारलं तर साग तेलकट, गोंद नीट धरत नाही. मी आठ एमएमच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली, कारण दस्ता आरपार झाला असता तर मला घरात जागा राहिली नसती. भोक मोठं केलं, काळं लाकूड संपून तांबूस ताजं लाकूड दिसेपर्यंत. तेवढ्या बारीक भोकातनं पण अक्रोडाचा वास आला. अरल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या पिळून कालवल्या, गुल्लीच्या रेषा दस्त्याच्या रेषांशी जुळवून बसवली, आणि एक दिवस हात लावायचा नाही असा हुकूम झाला. त्या दिवसात अण्णा सात-आठ वेळा तरी जाऊन बघून आले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी तीनच्या बिटनं मधोमध बारीक भोक, नवा स्क्रू, आणि तिथं भांडण. तात्या म्हणाले स्क्रूला साबण लाव, सुळकन जातो. अण्णा म्हणाले साबण ओल धरतो, परत गंज, मेण लावा. पाच मिनिटं दोघं आपापल्या नोकरीची वर्षं मोजत होते. मेण जिंकलं, आईनं लोडशेडिंगच्या वेळची अर्धी मेणबत्ती शोधून दिली. स्क्रू हातानं पिळत गेलो, शेवटचे दोन फेरे मनगट दुखेस्तोवर, आणि कडी बसली. अण्णांनी पट्टा लावला, खांद्याला अडकवली, दोन झटके दिले, मग उड्या मारल्यासारखं टाचा उचलून खाली आले. ऐंशीव्या वर्षी. तात्या म्हणाले, "आता माणूस तुटंल, कडी न्हाय."

मग पाटावर मांडामांड. विळा, कोयता, आईची विळी, माझा लॅपटॉप, रायफल, आणि तात्यांनी घरून आणलेला रंधा, कारण त्यांच्या घरी पूजा दुपारी होती आणि इथं शिरा तयार होता. आई कडीत झेंडू ओवायला गेली तर तिथं आधीच एक दोरा, पोलीस स्टेशनच्या चिठ्ठीचा, नोव्हेंबरातला, चिठ्ठी फाटून गेलेली पण गाठ तशीच. मी सगळं काम करताना तो दोरा बाजूला सारत होतो आणि कापायचं सुचलं नव्हतं. आता कात्री घेतली तर अण्णा म्हणाले,

"ऱ्हाऊ दे. जिल्हा परिषद लागायचीय अजून."