वडगावच्या परड्यात बियापासून काकडी : माझा अनुभव

काकडीचं बी टाकलं की उगवतंच, त्यात फार काही नाही. खरा कस लागतो तो फुलं आल्यावर, आणि आमच्या बेळगावात मृगाला लावलेल्या वेलाची फुलं नेमकी जुलैच्या झडीत येतात, तेव्हा मधमाश्या फिरकत पण नाहीत. "वेल झकास आलाय पण काकडीच धरत नाही" असं बऱ्याच जणी म्हणतात ते इथंच अडतं, म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि फुलांचं नीट सांगते.

आमचं घर वडगावला, मागं थोडं परडं आहे. माती काळी. वडगाव, शहापूर, येळ्ळूर हा सगळा पट्टा तसाच, भाताला एक नंबर, पण पावसात ही माती पाणी धरून बसते आणि काकडीची मुळं कुजतात. म्हणून सपाटीला न लावता वीतभर उंच वरंबे केले, त्यात कुजलेलं शेणखत, थोडी लिंबोळी पेंड आणि बहिणीकडून खानापूरहून आणलेली तांबडी माती मिसळली. खानापूरकडच्यांना हा त्रास कमी, त्यांच्या मातीतनं पाणी पटकन निचरून जातं.

बी दोन प्रकारचं घेतलं. एक हिमांगी, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जात, पांढरट काकडी येते. दुसरं बहिणीच्या घरचं गावठी. पाकिटातलं बी रंगीत असलं तर त्याला औषध चोळलेलं असतंय, हात धुवायचे आणि पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही. पेरलं ते नंदिनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत, तळाला भोकं पाडून, बी आडवं ठेवून वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. २५ ते ३० डिग्री ऊब मिळाली की चार-सहा दिवसात कोंब वर येतो. थेट जमिनीत पेरलं तरी चालतंय, पण पहिल्या पावसाबरोबर आमच्याकडं गोगलगायी निघतात आणि कोवळे कोंब रातोरात साफ करतात, त्यामुळे पिशवीच बरी. बीतनं निघालेल्या पहिल्या जाड पानांच्या जोडीनंतर खरी दोन-तीन पानं आली की पिशवी ब्लेडनं चिरून मातीच्या गड्ड्यासकट लावायचं. काकडीच्या मुळांना हलवलेलं अजिबात सोसत नाही.

मांडव बांबूचा, वर नायलॉनची जाळी. बांधायला सुतळी वापरली नाही, सुतळी ओली होऊन आवळते आणि देठ कापला जातो. आमच्या गल्लीत अजून माग चालतात, तिथलं उरलेलं मऊ सूत आणलं आणि त्याचे सैल फासे घातले. वेल जाड झाला तरी कुठं काच पडला नाही.

शेजारच्या अक्कांनी वेल कमरेएवढा झाल्यावर सांगितलं, "शेंडा खुड की गं, मग बघ फांद्या कशा फुटतात." त्यांचं बरोबरच आहे, मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात आणि बाजूच्या फांद्यांवर मादी फुलांचं प्रमाण वाढतं. युरिया घालायचा मोह टाळायचा, नुसता पाला माजतो.

आता फुलं. पहिल्यांदा नर फुलंच येतात, घोसानं, बारीक देठावर, आणि आठ-दहा दिवस तीच येऊन गळत राहतात. तेव्हा घाबरायचं कारण नाही. मग एके सकाळी पानाच्या बगलेत फुलाच्या मागं करंगळीच्या नखाएवढी, बारीक काटेरी लव असलेली इवलीशी काकडी दिसते, ती मादी. पण ती काकडी दिसली म्हणजे धरली असं नव्हे. फूल एकच दिवस कामाचं असतंय, तेही सकाळी, आणि तेवढ्यात पराग पोचला नाही तर ती काकडी पिवळी पडून गळते. अर्धवट पोचला तर वाढते पण एका टोकाला निमुळती, नाहीतर वाकडी.

झड लागली की हे काम मी माझ्याकडं घेतलं. सकाळी पाऊस जरा थांबला की छत्री घेऊन मागं जायचं, ताजं उमललेलं कोरडं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आत पिवळा पराग उरतो तो मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तीन फुगीर भागांवर हलकेच फिरवायचा, तिन्हीवर, एकाच बाजूला नाही. एका मादीला दोन नर फुलं वापरली तर काकडी सरळ आणि भरीव येते असं मला दिसलं. आदल्या दिवशी संध्याकाळी टपोऱ्या नर कळ्या तोडून घरात पेल्यात पाण्यात ठेवल्या तर सकाळी उमलतात आणि पराग पण भिजत नाही, हे जमलं तेव्हा मला फार आनंद झाला. हात लावलेल्या मादीचं तोंड त्याच सुतानं हलकं बांधायचं म्हणजे पाणी आत जात नाही. दोन-तीन दिवसात इवल्या काकडीचं टोक खाली वळलं आणि ती फुगायला लागली की समजायचं, धरली.

त्यानंतर फळमाशी. ती कोवळ्या काकडीत अंडी घालते आणि आतनं अळ्या होतात, म्हणून बोटाएवढी झाली की पातळ कापडाची पिशवी चढवायची. तांबडे भुंगेरे पहाटे सुस्त असतात तेव्हाच वेचायचे. पानावर पिवळे चौकोनी डाग म्हणजे केवडा रोग, खालची तशी पानं लगेच काढून लांब टाकायची आणि मांडवात वारं खेळू द्यायचं.

फूल धरल्यापासून साधारण आठ-दहा दिवसात काकडी तोडायला येते. एक दिवसाआड तोडायलाच पाहिजे, एक जरी वेलावर पिवळी झाली तरी पुढची फुलं कमी होतात. श्रावणी सोमवारच्या खमंग काकडीला, दाण्याचं कूट आणि मिरचीची फोडणी घालून, घरचीच वापरली आणि अक्कांच्या घरी पण दिली.

गावठीचं बी धरायचं होतं, आणि शेजारी हिमांगी असल्यावर संकर होणारच. म्हणून एका गावठी वेलाच्या मादी आणि नर कळ्या आदल्या संध्याकाळीच सुतानं बांधल्या, सकाळी सूत सोडून त्याच नर फुलांचा पराग त्या माद्यांना लावला, परत बांधल्या आणि देठाला लाल दोरा खुणेला. ही काकडी तोडायची नाही, पूर्ण पिवळी-तपकिरी होऊ द्यायची. मग गर बियांसकट दोन दिवस आंबवायचा, धुताना तरंगणारं बी टाकून द्यायचं, बुडालेलं सावलीत वाळवायचं. हायब्रीडचं बी असं धरण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही.