लँगडेलच्या धुक्यात, कमरेला पिशवी बांधून

ऑक्टोबरातला शनिवार. इंग्लंडमधल्या प्रेस्टनहून पहाटे निघाले तेव्हा आभाळ कोरडं होतं. ॲम्बलसाइड मागे पडलं आणि पावसाने जोर धरला. लँगडेलच्या दरीत शिरलं की रस्ता अरुंद होत जातो, दोन्हीकडे रचलेल्या दगडांची कुंपणं, आणि दरीच्या टोकाशी 'ओल्ड डंजन घिल' हे जुनं हॉटेल. लँगडेल हॉर्सशू ही रेस इथूनच सुटते. सुमारे २१ किलोमीटर अंतर आणि १४५० मीटर चढ.

इंग्लंडच्या या भागात डोंगराला 'फेल' म्हणतात, म्हणून ही फेल रेस. किलोमीटरमागे किमान ५० मीटर चढ असला की ती 'ए' वर्गात जाते, आणि अंतर २० किलोमीटर किंवा त्याहून जास्त असलं की 'लाँग' म्हणवते. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट धावताना मला टप्प्याटप्प्यावर पाणी मिळायचं, शिवाय पायाखाली डांबरी रस्ता असायचा. इथे ठरलेल्या माथ्यांवर हजेरी द्यायची, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. लागेल ते सगळं आपल्याच कमरेला.

म्हणून सुरुवातीलाच सामानाची तपासणी होते. टेबलावर पिशवी रिकामी केली. हूड असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, तशीच पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि शेवटपर्यंत राखून ठेवायचं खाणं. तपासणाऱ्या आजोबांनी माझ्या जॅकेटची बाही उलटी केली आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवणीवर टेप आहे का, ते पाहत होते. नुसतं वारा अडवणारं जॅकेट चालत नाही, कारण पाणी शिवणीच्या टाक्यांतून आत येतं. खाण्यात माझे दोन राजगिऱ्याचे लाडू होते. ते त्यांनी हुंगले आणि मान डोलावली.

स्टिकल टार्न या डोंगरातल्या तळ्याचा चढ संपेपर्यंत मला घाम फुटला होता. सह्याद्रीतल्या पावसात वाढलेल्या माणसाची इथेच फसगत होते. आपला पाऊस भिजवतो, पण सहसा गारठवत नाही. इथे पळत राहिलं तर शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, पण थांबलं की ओले कपडे आणि वारा मिळून पाच-दहा मिनिटांत ती काढून घेतात. २०१२ च्या एप्रिलमध्ये बटरमियरजवळच्या अशाच एका रेसमध्ये एक धावक थंडीने गारठून दगावला. तेव्हापासून मी हे सामान ओझं म्हणून मोजत नाही. ते पळण्यासाठी नसतंच, थांबावं लागलं तर जगण्यासाठी असतं.

थनाकार नॉटच्या माथ्यानंतर ढग खाली उतरले. एस्क हॉजच्या खिंडीजवळ दगडी आडोशाची एक भिंत आहे. धुक्यात कित्येकांना तीच खिंड वाटते, खरी खिंड तिच्याहून थोडी वर. नकाशा आधीच घडी घालून हव्या त्या तुकड्यावर ठेवला होता, त्याचा इथे फार उपयोग झाला. होकायंत्राचा काटा स्थिर होईस्तोवर मात्र थांबावंच लागलं, आणि तेवढ्यात बोटं बधिर झाली. पिशवीची चेन ओढता येईना. शेवटी दातांनी ओढली. हातमोजे मी तळाशी कोंबले होते, ती चूक. आता ते नेहमी सगळ्यात वर असतात.

९०२ मीटरच्या बोफेल डोंगरावरून उतरून थ्री टार्न्सच्या खिंडीपाशी आले, तर एक तरुण दगडाला टेकून बसलेला. घोटा मुरगळलेला. जॅकेट अंगात होतं, पण पँट पिशवीतच. बोलताना त्याची जीभ जड झाली होती. मी आणि मागून आलेल्या एका काकांनी मिळून त्याला पँट चढवली. बुटांवरून ती जाईना, तेव्हा घोट्याकडची चेन पूर्ण उघडली आणि दुखरा पाय हळूच आत सरकवला. त्याचे हातमोजे चिंब होते, मी माझे दिले आणि हात बाह्यांत ओढून घेतले. एक लाडूही दिला. तो चावायलाही त्याला वेळ लागला.

शिट्टी वाजवायची का, यावर आम्ही बोललो. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. पण थोड्या वेळाने तो नीट बोलू लागला, पायावर थोडा भार टाकू शकला. थ्री टार्न्सवरून 'द बँड' नावाची सोंड थेट दरीत उतरते. काकांनी स्वतःची रेस तिथेच सोडली आणि त्याला घेऊन त्या वाटेने खाली निघाले. असे लोक भेटतात म्हणून हा खेळ मला इतका प्रिय आहे.

मी क्रिंकल क्रॅग्ज आणि पाइक ओ ब्लिस्को हे उरलेले डोंगर करून उतरले आणि आधी टेबलापाशी गेले. रेस सोडणाऱ्याने शेवटच्या रेषेवर येऊन तसं सांगायचंच, हा नियम कधीच मोडू नये. न सांगता कुणी परस्पर घरी गेला, तर त्याला शोधायला स्वयंसेवकांना अंधारात डोंगर चढावा लागतो. यादीत त्या दोघांच्या नंबरांपुढे अजून खूण नव्हती. मी थ्री टार्न्सची हकिगत सांगितली, कोरडा स्वेटर घातला आणि तिथेच उभी राहिले.

चाळीसेक मिनिटांनी ते दोघे फाटकातून आत आले, तरुणाचा हात काकांच्या खांद्यावर. टेबलावरच्या बाईंनी दोन्ही नंबरांवर खूण केली. त्याने माझे हातमोजे पिळले आणि परत दिले.