शेपटीची गोष्ट

मामांचा फोन आला, "अरे, हिशेब पाठवलाय, मिळाला का?" त्यांच्या सोसायटीचा सगळा जमाखर्च त्यांनी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये बसवलाय, तोही जुन्या, ज्याच्या फाइलीच्या नावाशेवटी 'डॉट एमडीबी' असतं अशा. ऑडिटच्या आधी एकदा नजर टाक म्हणाले होते.

माझ्या आउटलुकमध्ये मेल आला होता. यादीत नावाशेजारी, फाइल जोडल्याची खूण म्हणून, यू-पिनही दिसत होती. उघडून बघतो तर पिन आहे, कागद नाही. वर एक बारीक ओळ : ही फाइल धोकादायक असू शकते, म्हणून अडवली आहे. म्हणजे पाकीट हातात, आतला ऐवज पोस्टमनच्या पिशवीत. मामांना मात्र यातलं काहीच कळलेलं नाही. त्यांच्या लेखी मेल गेला, विषय संपला. मला राग येतो तो याचा.

अडवण्याला कारण आहे, हे कबूल. एमडीबीच्या पोटात नुसते आकडे नसतात, आपोआप चालणारे मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रामही असू शकतात.

"मामा, फाइलचं नाव बदला. शेवटी डॉट टीएक्सटी करा, मी इथे परत एमडीबी करतो." (झिप करायला सांगायचं तेव्हा सुचलं नाही.) दहा मिनिटांनी दुसरा मेल. परत पिन, परत कागद नाही. या वेळी त्या बारीक ओळीत नाव होतं : 'हिशेब.टीएक्सटी.एमडीबी'.

मी हसायलाच लागलो. विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपूट, म्हणजे नावाशेवटचं एमडीबी, टीएक्सटी वगैरे एक्स्टेन्शन, मुळातच झाकून ठेवतं. मामांना दिसत होतं नुसतं 'हिशेब', त्यांनी इमानदारीत पुढे टीएक्सटी जोडलं. खरी शेपूट जागच्या जागी.

गंमत म्हणजे 4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची युक्ती हीच होती. प्रेमपत्राच्या त्या फाइलीच्या नावात आधी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, होतं आणि त्यामागे व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. लोकांना टीएक्सटी दिसलं. साधं पत्र समजून त्यांनी उघडलं आणि आतला प्रोग्राम चालू झाला. तो आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती धाडत सुटला. त्यानंतर साधारण महिन्याभरात मायक्रोसॉफ्टने आउटलुकला असल्या फाइली अडवायला शिकवलं. आमचे मामा सत्तरीत नकळत तोच डाव खेळले, फक्त सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी.

मग फोनवरच शिकवणी. "फाइलींच्या खिडकीत वर 'व्ह्यू' दिसतंय? त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'समोर टिक करा."

थोडा वेळ शांतता. मग मामा जरा घाबऱ्या आवाजात, "अरे, सगळ्यांनाच शेपट्या फुटल्या!"

"होत्याच त्या, मामा."

तिसऱ्या मेलला फाइल आली. नाव बदललं, उघडली. चाळीस रुपयांचा फरक निघाला, झेरॉक्सच्या खर्चात. मामा म्हणतात, तो फरक मेलमध्येच पडला असणार.